कुठे दुखतंय

कुताइसीच्या आमच्या घरात
संध्याकाळी साडेसातला माझे वडील हेर बेकर होतात.
वय ब्याऐंशी, राहणार डॉर्टमुंड, मधुमेह,
डाव्या खुब्यात धातूचा सांधा.
कपाळावर पट्टी म्हणून माझा जुना स्कार्फ.
मी दारावर टकटक करते.
आतून 'हेराइन' आलं की आत जायचं,
पडदा सारायचा, सुप्रभात म्हणायचं;
बाहेर काळोख, रिओनी फुगलेली.
'कुठे दुखतंय?' मी त्यांच्या भाषेत विचारते,
म्हणजे बेकरांच्या.
ते विचार करतात. कालच्याहून वेगळं दुखणं हुडकतात.
मग गुडघ्यावर बोट:
'हीअर.'

लामाराबाई शिकवतात, आधी लिंग, मग नाम.
चमचा तो. काटा ती. सुरी ते.
चंद्र तो, सूर्य ती,
आणि मुलगी?
मुलगी ते.
आमच्या भाषेत ही भानगडच नाही,
नवरा, गाय, पाऊस, सगळ्यांना एकच 'इस'.
वर्गात आम्ही नऊ जणी, नऊही नर्स,
खाली मान घालून वहीत लिहितो: मुलगी, ते.
त्सियाला फिसकन हसली.
म्हणाली, बरोबर आहे,
व्हिसा येईतो आपण 'ते'च.

हसण्यावरून आठवलं.
आमच्याकडे मामा म्हणजे बाप.
तिकडे मामा म्हणजे आई.
मुलाखतीत मी सांगून बसले,
माझी मामा तीस वर्षं ट्रक चालवते, बटुमी ते बाकू.
पडद्यावरची बाई भारावली,
'केवढी कणखर बाई!'
मी हो म्हटलं.
दुरुस्त करायला जो भूतकाळ लागतो
तो धडा अजून झाला नव्हता.

मी गेल्यावर यांच्याकडे शेजारची एतेरी बघेल.
दुसऱ्यांच्या बापांना आंघोळ घालून
मी तिचे पैसे पाठवीन.
हिशोब बसतो. वहीत मांडलाय, मागच्या पानावर,
दोनदा.

गुरुवारी रात्री अडीचला हाक आली.
'शोरेना' नाही. 'श्वेस्टर.'
दिवा लावला. घामाने उशी ओली,
ओठांचा रंग मला ओळखीचा, वॉर्डातला.
'मामा, कुठे?'
आमच्या भाषेत विचारलं,
जिच्यात 'मला दुखतं' हा एकच शब्द आहे,
'मी' आणि दुखणं त्यातून सुटं करता येत नाही.
त्यांनी छातीवर बोट टेकवलं.
'हीअर.'

उच्चार इतका स्वच्छ
की लामाराबाईंनी दहापैकी दहा दिले असते.
अजून मला सांगता येत नाही
ते खेळत होते, की भ्याले होते,
की आपल्या भाषेत बोलले असते
तर मी तिकीट फाडलं असतं
हे त्या घामातही त्यांना कळत होतं.

आता घरी आहेत. गोळ्या सकाळी चार, रात्री तीन.
सूटकेस बावीस किलोवर थांबलीय,
एका किलोची जागा मामांनी राखून ठेवलेली.
एतेरीला बाजारात पाठवून पुडी आणवली,
निळ्या फुलांच्या मेथीची पूड,
आमच्या रश्शांना जी हटकून लागते.
नाव 'उत्स्खो सुनेली'.
परका सुगंध.
इथल्याच डोंगरांत उगवते,
इथल्याच म्हाताऱ्यांच्या बोटांना तिचा वास,
आणि नावाने परकी.
'कस्टमवाल्यांनी विचारलं तर काय सांगू?'
'नाव सांग,' मामा म्हणाले,
'नावातच सगळं आहे.'
आणि पुडीला आणखी एक दोरा गुंडाळला,
वास कपड्यांना लागू नये म्हणून.
लागलाच आहे.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं,
स्कार्फ कपाळावर ओढून घेतला.
मी बाहेर जाऊन दार लावलं, टकटक केली.
'हेराइन' यायला उशीर होतोय.
मी थर्मामीटर धरून उभी.
पुन्हा वाजवावं का,
याचा नियम पुस्तकात नाही.